बाप आला तरी पावती फाडीन!

चौकात पंधरा वर्षं शिट्टी वाजवणाऱ्या माणसाकडे दुसरं काही साठत नाही, किस्से मात्र पोत्यानं साठतात. सिग्नल तोडलेल्या माणसाइतका हजरजबाबी प्राणी मी अख्ख्या जुन्नर-आंबेगावात पाहिलेला नाही.

दोन हजार सालच्या आसपास आमच्या हायवेच्या चौकात पहिला सिग्नल बसला आणि ड्युटी माझ्यावर आली. मी इथलाच. साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाववाल्यांच्या पावत्या फाडशील का? ओळखीचा म्हणून एक जरी सोडलास, तर बदली!"

मी छाती काढून म्हणालो, "साहेब, बाप आला तरी पावती फाडीन!"

संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावोगाव पोचलं. बाबांच्याही कानावर गेलं.  तेव्हापासून लाल दिसला की ते आपली एम-एटी पांढऱ्या रेघेच्या हातभर अलीकडे उभी करायचे आणि इंजिनसुद्धा बंद करायचे.

*

बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस. एक व्यापारी टेम्पोत बैल घालून लाल सिग्नलमधून सुसाट निघाला. मी अडवला.

"काय करू राव? गाडी थांबली की बैलाला वाटतं बाजार आला. लगेच उतरायला बघतो!"

मी मागं जाऊन पाहिलं. बैलानं खरंच फळीवर पाय ठेवला होता! तरी मी पुस्तक काढलं.

"फाडा, पण नाव बैलाचं टाका. घाई त्याला व्हती!"

*

नो एंट्रीतून एक मावशी लुनावर भाजीची पाटी घेऊन आल्या. मी म्हणालो, "मावशी, इथून गाडी नाही न्यायची."

मावशी उतरल्या. लुना बंद केली आणि हातानं ढकलत निघाल्या.

"आता ही गाडी न्हाई, वझं हाय. वझ्याला बंदी हाय का?"

पुढचं टोक येईपर्यंत ढकलत नेली आणि तिथं माझ्याकडे बघून किक मारली!

*

येडगावचे एक शेतकरी. मी पावती लिहायला घेतली तर म्हणाले, "किती वाजता तोडला मी?"

"आत्ता. सव्वाअकरा."

"आज मंगळवार. दर मंगळवारी आमची मोटर अकराला बंद पडते, ती दोनपर्यंत लाईट नाय. तुमच्या चौकाला काय येगळी लाईट हाय?"

मी वर पाहिलं. तिन्ही दिवे काळे ठिक्कर! पाव तास मी मेलेल्या सिग्नलखाली शिट्ट्या मारत होतो. माझ्या पुस्तकातली ती एकच रद्द पावती.

*

या सगळ्यांचा जाता जाता एक सवाल ठरलेला असायचा, "काय हवालदार, बापाची फाडली का?" मला त्याचा लई राग यायचा.

आणि एकदा आमच्याच गावचे पुढारी तात्या जीप घेऊन लाल तोडून आले. मी अडवलं. तात्या खाली उतरले आणि भर चौकात ओरडले, "गावच्या माणसाची पावती? आधी बापाची फाडून दाखव, मग माझी!"

गर्दी जमली. लोक हसायला लागले. समोरच्या टपरीवर साहेब चहा पीत बघत होते.  आज तात्या सुटले, तर उद्यापासून हा सिग्नल कुणीच मानणार नव्हता, आणि माझी बदली पक्की होती.

सिग्नल अजून लालच होता. रेघेच्या हातभर अलीकडे, सगळ्यांत पुढे, बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाबांनी एम-एटी चालू केली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि सावकाश, सायकलच्या वेगानं, लाल सिग्नलमधून चौक पार केला. गाडी तात्यांच्या जीपमागे स्टँडवर लावली आणि लायसन माझ्यापुढे धरलं.

"लाल असताना आलो. फाड."

मी पुस्तक उघडलं. तोंडातून सवयीनं निघालं, "नाव?"

बाबांनी आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. पावती घडी करून खिशात ठेवली, टोपी सारखी केली आणि मागे वळले.

"तात्या, या. तुमचा नंबर."