मारबतीच्या पुढं चालणारी

शेवटची भेट दवाखान्यात झाली. मोठीआईनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोनं, पाण्याचा चमचा दूर सारला आणि विचारलं, "पोळा कवा हाय वं?" मी म्हटलं, अजून अवकाश आहे. "पळसाची फांदी आणून ठेवजो. मी नसली तं ते आपल्या दारापुढं थांबतीन..." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

नाचणगावच्या पलीकडं आमचं गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिथं मारबत निघते, म्हणजे गावची इडापिडा हाकलली जाते. दारोदारी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन माणसं शिवेकडं चालतात आणि ओरडतात, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, ढेकूण-डास घेऊन जा गे मारबत! आम्हा पोरांना त्याची केवढी मजा वाटायची! मोठीआई तरुणपणीच विधवा झालेली, मूल नाही. एकदा शेजारच्या बारशाला तिनं बाळ मांडीवर घेतलं आणि पुढं ते तापानं गेलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. त्या वर्षी मात्र मारबत आमच्या दारापुढं थांबली आणि आरोळी दुप्पट झाली. आत ती माझा हात धरून बसली होती.

पुढच्या वर्षी ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. घोळक्याच्या पुढं चालली, सगळ्यांहून मोठ्यानं ओरडली. मग दर वर्षी तेच. गावाला वाटे, बाई फार भाविक! परत आली की तिची वळलेली मूठ उघडत नसे. मी तेल चोळून एकेक बोट सोडवायची.

दुपारी ती तिच्या मैत्रिणीच्या, शांताबाईंच्या अंगणात जाऊन बसे. ते बौद्ध, सासऱ्यांच्या काळातच त्यांच्याकडं हे सगळं बंद झालेलं. "तू बी सोडून दे ना माय. काऊन भेऊन राह्यली?" शांताबाई म्हणायच्या. मोठीआई हळूच म्हणे, "तुमी समद्यायनं मिळून सोडलं, बाई. मी एकटीनं सोडलं तं त्याहिले मारबत गवसलीच समजा."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. नजर, करणी मानत नाही, आणि तिला तसं फटकन ऐकवायचीही. नवरा गेल्यावर मी तिच्याकडंच राहायला आले. मूलबाळ मलाही नाही. उन्हाळ्यात समोरच्या सुनेचं पोट पडलं, तेव्हापासून तिची सासू मी दिसले की सुनेला आत बोलावते. मी हसून सोडून दिलं होतं. मोठीआई हसली नव्हती...

तेरवी आटोपली आणि थोड्याच दिवसांत पोळा आला. फांदी मी आणली. तिची आठवण म्हणून, असं स्वतःला सांगितलं. पहाटे आरोळ्या जवळ आल्या आणि आमच्या दारापुढं पावलं मंदावली. मी कडी काढली, फांदी उचलली आणि घोळक्याच्या पुढं जाऊन ओरडायला लागले. पावलं मुकाट माझ्यामागं निघाली. शांताबाई अंगणात उभ्या होत्या. मी मान वर केली नाही. शिवेवर सगळ्यांबरोबर मीही फांदी फेकली.

घरी येऊन तिच्या खाटेवर बसले. कोनाड्यात तिची तेलाची वाटी तशीच होती. फांदी केव्हाच गेली होती, पण माझी मूठ उघडत नव्हती, आणि ती सोडवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.