सगळे इथंच आहेत

बेंगळुरूला बनशंकरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीतला फोन दिवसभर वाजायचा आणि तो उचलायची मला मनाई होती. तो कॉम्प्युटरचा फोन होता. शहरातली मराठी माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर लावत, फोनला जोडलेला मॉडेम किंचाळे, आणि माणूस आमच्या ‘फळ्या’वर निरोप ठेवून जाई. कोण पुण्याला निघालंय, कुणाच्या आईचा गोडा मसाला आणायचाय, कुणाकडे खोली रिकामी आहे. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच आत येता येई. बाकीचे एंगेज टोन ऐकत, चरफडत आणि पुन्हा लावत.

या फळ्यापायी माझ्या नवऱ्याने सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडली होती. सभासदांच्या वर्गणीवर घर चालायचं. मला त्याची सतत भीती वाटे, आणि भीती वाटली की मी टोचून बोलते.

“उद्या दुसऱ्या कुणी फळा काढला तर?”

“काढू दे. रिकाम्या फळ्यावर कोण जाईल? सगळे इथं आहेत, म्हणून सगळे इथंच राहणार.”

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. एकाने तसा फळा काढला होता आणि तो ओस पडून बंदही झाला होता. नवरा त्या विजयावर फार दिवस जगला.

मग घरोघरी इंटरनेट येऊ लागलं. पुण्यातल्या कुणीतरी मराठी मंडळींसाठी ईमेलवर फुकट गट सुरू केला. एक मेल पाठवली की माणूस आत. त्यासाठी आमचा फळा सोडायचीही गरज नव्हती, आणि कुणी सोडलाही नाही. नवरा सभासदांची नावं दाखवून म्हणे, “बघ, एक तरी गेला का?” मला तेच भिववत होतं. भांडून निघालेल्या माणसाला निदान थांबवता येतं.

भाजी घेताना एक सभासद भेटले. “वहिनी, सर्व्हिस सुधारली हं तुमची. आता पहिल्या झटक्यात लागतो फोन.” नवऱ्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. मी मात्र दिवसभरात फोन किती वेळा वाजतो ते मोजायला लागले. शेजारच्या काकू, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, मराठीत कानडी मिसळणाऱ्या, त्यांनाही भिंतीपलीकडून कळलं होतं. “तुमचा फोन स्वल्प गप्प झालाय की गं.” मी त्यांच्यावर उगाच चिडले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांना नव्हे, घरात सांगायला हवं होतं.

एका रविवारी सकाळी आमचाच एक जुना सभासद दारात उभा राहिला. हातात सासूबाईंनी पाठवलेला मसाल्याचा डबा.

“तुमच्याकडे कसा आला हा?” नवऱ्याने विचारलं.

“तुमच्या पुण्याच्या भावांनी गटावर टाकलं होतं, बेंगळुरूला कोण जातंय म्हणून. मी तिकडेच होतो, म्हटलं आणतो.”

“दादानं?”

“हो. ते असतात की रोज.”

मी चहा ठेवला. मग बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, नोकरीच्या मुलाखतीत यावा तसा.

“मला घेतील का हो त्यात?”

“घ्यायचं काय सर त्यात? दोन मिनिटांचं काम. तुमच्याच मशीनवर करून देतो. फक्त इंटरनेटला लाइन मोकळी लागेल.”

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा नवरा फळा बंद करत होता. ते झाल्यावर त्याने उठून खुर्ची त्या सभासदाला दिली.