अर्धे स्कॅन माझे

"शौचाचं वगैरे तू विचारत जा. तुमच्याकडे या गोष्टींचं एवढं काही नसतं."

सर चहा ढवळता ढवळता म्हणाले. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातली मीटिंगची खोली. टेबलावर पॅटीस, सॉसच्या पुड्या. भोवती आम्ही डॉक्टर मंडळी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान काहीतरी घडलं असं वाटलं असतं. एकानं पॅटीसचा तुकडा मोडला. माझ्याबरोबरची मृण्मयी मोबाइल बघत होती. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

तुमच्याकडे. म्हणजे कुणाकडे, ते सरांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून ठरवलं होतं. आम्ही बौद्ध. वडील टपाल खात्यातून निवृत्त झाले, आई शाळेत शिक्षिका होती. खराडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई बाहेरची चप्पल दाराच्या आत येऊ देत नाही. घाणीचं काम आमच्या घरात कुणी केलेलं मला माहीत नाही. आणि केलं असतं तरी? हातानं केलं असतं. ते रक्तातून उतरत नाही.

काम काय होतं ते सांगते. गुदाशयाच्या कॅन्सरवरचं संशोधन, सर त्याचे प्रमुख. औषधं आणि रेडिएशन दिल्यावर काही पेशंटांची गाठ पार विरघळते. अशांचं ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवता आलं, तर गुदाशय वाचतो. पोटावर कायमची पिशवी लावून जगावं लागत नाही. कुणाचं ऑपरेशन टाळता येईल, हे एमआरआयवरून ओळखता येतं का, ते आम्ही शोधत होतो. गाठीच्या जागी काळा व्रण दिसला तर ती बहुधा गेली, करडं काही दिसलं तर बहुधा अजून आहे. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या काळ्या-करड्याच्या मध्ये नजर अडकून बसते. मला तेच शिकायचं होतं. त्यासाठीच मी तिथं आले होते.

दुसरं काम पेशंटांना विचारायचं. किती वेळा जावं लागतं, कपडे खराब होतात का, वायू धरून ठेवता येतो का. मृण्मयी आणि मी एकाच वर्षी रेडिऑलॉजीत एमडी झालो. दोघींनी दोन्ही कामं करायची, असं आम्हाला घेताना सांगितलं होतं. नियम एकच. ज्या पेशंटशी तुम्ही बोललात, त्याचा स्कॅन तुम्ही वाचायचा नाही. नाहीतर कानांनी जे ऐकलंय तेच डोळ्यांना दिसायला लागतं. नियम चांगला आहे. सरांनी त्याची भिंत केली. सगळे पेशंट माझ्याकडे, सगळे स्कॅन तिच्याकडे.

मला तिचा हेवा वाटायचा. स्वच्छ सांगते. शनिवार पेठेत घर, घरात आजोबांपासून डॉक्टर. तिच्या बाबांना सर अरे-तुरे करायचे. स्कॅन वाचायच्या खोलीत एसीची थंडी असते, म्हणून तिनं एक निळी शाल आणून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. ती घरी गेली तरी शाल तिथंच. म्हणजे खुर्चीही तिचीच. मला त्या शालीचासुद्धा हेवा वाटायचा. तिचं काही चुकलं की सर म्हणत, "पुन्हा बघ बरं, दिसेल." तेवढं 'पुन्हा बघ' मलाही कुणीतरी म्हणावं म्हणून जीव जळायचा. हेवा करू नये म्हणतात. ज्यांची शाल आधीच खुर्चीवर असते, ते म्हणतात.

आणि ते विचारणं मला जमायचं, असंही नाही. पहिला पेशंट माझ्या वडिलांच्या वयाचा. मी कागदाकडे बघून विचारत होते, ते भिंतीकडे बघून उत्तरं देत होते. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. हळूहळू शिकले. दार लावून घ्यायचं, आधी जेवणाखाण्याचं विचारायचं, मग तिकडे वळायचं. वाघोलीच्या एक मावशी म्हणाल्या, "लग्नाकार्याला जायचंच सोडलंय बाई म्या. पोरीलाबी सांगितलं न्हाई." पोरीला न सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं.

त्याच मावशींच्या स्कॅनवर मृण्मयी अडली. स्कॅनवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कॅन्टीनमध्ये तिनं क्रमांक सांगून सहज विचारलं, या पेशंटला अजून रक्त जातं का, म्हणजे काय ते ठरवून टाकेन. मी म्हटलं, सांगता येणार नाही. तिला ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर ती सरांकडे गेली, आणि सरांनी मला स्कॅनच्या खोलीत बोलावून घेतलं.

"सांग की तिला. एवढं काय त्यात?"

"नाही सांगणार, सर. नियम तुमचाच आहे."

मावशींच्या उपचाराचं त्यानं काही अडणार नव्हतं. त्यांच्या सर्जनना सगळं माहीत होतं, आणि हे वाचन फक्त संशोधनापुरतं होतं. सरांनाही ते ठाऊक होतं.

"बरीच बोलायला लागलीस," सर म्हणाले.

म्हटलं, बोललेच आहे तर सगळंच बोलते. नवीन पेशंटांपैकी अर्ध्यांना मृण्मयी भेटेल. त्यांचे स्कॅन मी वाचेन. मृण्मयीचा चेहरा उतरला. "मला ते नाही गं जमणार," ती म्हणाली. खरंच बोलली ती. तिला कधी जमवावंच लागलं नव्हतं.

"मलाही जमत नव्हतं. मी शिकले. तू शीक." मग सरांकडे वळले. "आणि सर, आमच्याकडेही या गोष्टींचं असतं."

सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. बघू म्हणाले. अजून बघतायत.

एका सीनियरनं मला बाजूला घेऊन समजावलं. इथलं शिक्षण पुरं झाल्याच्या प्रमाणपत्रावर सरांचीच सही लागते, थोडं सांभाळून घे. सांभाळून घेणं मला माहीत आहे. त्या मीटिंगमध्ये मान हलवून मी तेच केलं होतं.

आज सकाळी लवकर गेले. निळी शाल घडी करून टेबलावर ठेवली, नीट, कारण ती तिची वस्तू आहे. खुर्ची तिची नाही. बसले. अजून न भेटलेल्या एका पेशंटचा स्कॅन उघडला. याच्याशी मृण्मयी बोलेल. पोटात हेवा आहे अजून, आणि मला तो घालवायचाही नाही. सही मिळाली नाही तर नाही. मला या खुर्चीतून उठवायचं असेल तर सरांनी कारण लेखी द्यावं. 'तुमच्याकडे' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहावा, खाली सही करावी. तोवर मी उठणार नाही.