दगडाखालची खूण

किलियननं दोन देशांमधली हद्द पाडली, तेव्हा त्याच्या एका हातात सॉसेज होतं. दुसरा हात ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर होता खरा, पण सगळं लक्ष पहिल्या हातात. मागे शेणपाण्याची टाकी, टाकीमागे उतार आणि उताराच्या टोकाला तो दगड. ट्रॅक्टर मागे घेताना धप्पकन आवाज झाला. उतरून बघतो, तर हद्दीचा दगड लग्नात पिऊन पडलेल्या पाहुण्यासारखा आडवा झालेला. डोकं पूर्व जर्मनीत, पाय पश्चिम जर्मनीत. टाकीची तोटी तुटून निम्मं शेणपाणीही पलीकडे चाललेलं, तेही परवाना न घेता.

सॉसेज त्यानं तरीही संपवलं. माणूस घाबरला की त्याला दुसरं काही सुचत नाही. तोंडातला घास चावणं तेवढं सुचतं. तो गिळेपर्यंत पलीकडच्या टेहळणी मनोऱ्यावर दुर्बीण चमकली होती.

लिंडनरोटमध्ये हद्दीचा दगड पाडणं म्हणजे चर्चमध्ये शीळ घालण्यापेक्षा वाईट. त्या दगडाच्या एका गालावर बिशपची काठी कोरलेली, दुसऱ्यावर ड्यूकचा मुकुट. बिशपचं राज्य गेलं, ड्यूक गेला, दोघांना गिळणारे राजेही गेले. दगड होता तिथेच. ओढ्याच्या अलीकडे अर्धं गाव, पलीकडे अर्धं. पूर्वी त्या हद्दीवरून भांडणं व्हायची ती गाय कुणाच्या कुरणात चरली एवढ्यापुरती, आणि पोरी बिनदिक्कत ओढा ओलांडून सासरी जायच्या. मग जर्मनी युद्ध हरली, पलीकडे रशियन आले. आधी लाकडी फाटक आलं, मग काटेरी तार, मग दगडांच्या मागे थोड्या अंतरावर उंच जाळी. गाईंवरची भांडणं कायमची मिटली, कारण कुणाला कुणाची गायच दिसेनाशी झाली.

दगडांची निगा मात्र पिढ्यान्‌पिढ्या सात शपथकऱ्यांकडे. दगड रोवताना ते त्याच्याखाली काहीतरी पुरतात. काय पुरतात आणि कसं मांडतात, ते सातजणांनाच ठाऊक. बायकोला सांगायचं नाही, मरताना पाद्र्यालाही सांगायचं नाही. या सातांमधला सगळ्यांत म्हातारा बुर्कार्ड. किलियन त्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा तो नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या दिशेनं तोंड करून बसला होता.

"काका, एक घोटाळा झालाय."

"कळलं. वास आलाय."

"आता हो काय करायचं?"

"तू काही करू नकोस. तू केलंस की असं होतं."

एवढं बोलून म्हातारा पुन्हा पलीकडे बघू लागला. तो काय बघतो हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जाळीच्या पलीकडे, पोपलरच्या झाडांच्या रांगेमागे एक धुराडं दिसायचं. ते तेक्लाच्या घराचं. तेक्ला बुर्कार्डची धाकटी बहीण. ओढ्यापलीकडच्या ओटमारला दिलेली, तारा लागल्या तेव्हा तिकडेच अडकलेली. ओटमारचा जावई पलीकडच्या सरकारी नोकरीत, म्हणून पश्चिमेशी पत्र नाही, फोन नाही. हात हलवला तरी गुन्हा. तेव्हा रोज सकाळी तेक्ला चूल पेटवायची, धूर वर चढायचा आणि अलीकडे बुर्कार्ड म्हणायचा, "उठली." मगच त्याची कॉफी.

मे महिन्यापासून धुराडं थंड होतं. आता ऑगस्टमधली गवताची दुसरी कापणी संपत आली होती. पलीकडच्या चर्चची घंटा केव्हाच बंद केलेली, त्यामुळे कुणी गेलं तरी कळायला मार्ग नव्हता. बुर्कार्डची कॉफी रोज त्याच्या हातात निवायची. गावात त्याच्यासमोर 'तेक्ला' हा शब्द कुणी काढत नसे.

दोन्हीकडच्या साहेबांची बोलणी होऊन दगड उभा करायचा दिवस ठरला. अलीकडून बुर्कार्ड, सीमा पोलिसातला जाडा रुप्रेख्ट आणि पहार-कुदळ वाहायला गुन्हेगार म्हणून किलियन. पलीकडून एक कॅप्टन आणि बंदुका घेतलेले दोन शिपाई. कुरणात इतकी शांतता, की रुप्रेख्टच्या पोटातली गुरगुर दोन्ही देशांना ऐकू येत होती.

कॅप्टननं दगडाकडे पाहिलं, मग रिकाम्या खड्ड्याकडे. "खड्डा तर स्पष्ट दिसतोय. ठेवा दगड परत आणि निघा."

किलियनच्या जिवात जीव आला. एवढं सोपं! त्यानं पहार उचललीसुद्धा.

"नाही," बुर्कार्ड म्हणाला.

"काय नाही?"

"एकट्याच्या साक्षीनं दगड बसत नाही. दोन्ही बाजूंचा एकेक शपथकरी लागतो. तुमच्याकडे एकच उरलाय, ओटमार. त्याला आणा."

किलियननं म्हाताऱ्याची बाही ओढली. "काका, खड्डा दिसतोय ना समोर! कशाला वाघाच्या मिशा ओढताय?"

"तू पहार धर. नीट धर, सॉसेज नाही ते."

कॅप्टनचा चेहरा दगडाहून कडक झाला. "आजोबा, इथे हुकूम मी देतो. तुमच्या सरंजामी जादूटोण्यासाठी मी माणसं आणत नसतो."

"नका आणू. माझं काय जातंय?" बुर्कार्डनं टोपी काढून शांतपणे घाम पुसला. "उद्या तुमचे साहेब विचारतील, आपल्या देशाची हद्द कुणाच्या शब्दावर ठेवलीस? तुम्ही सांगा, पश्चिमेच्या एका म्हाताऱ्याच्या. खूश होतील."

शिपायाच्या बंदुकीचा पट्टा करकरला. रुप्रेख्टनं डोळे मिटून घेतले. मग कॅप्टननं मान न वळवता एका शिपायाला काहीतरी सांगितलं आणि शिपाई जाळीतल्या फाटकाकडे धावला.

वाट बघताना किलियनला नाही नाही ते दिसायला लागलं. कॅप्टनचं डोकं फिरलं तर? म्हाताऱ्यालाच धरून नेलं तर? आणि हे सगळं कशापायी, तर एका सॉसेजपायी. बुर्कार्ड मात्र खड्ड्याशी उभा होता आणि टोपी हातात फिरवत होता, फिरवतच होता.

ओटमार आला. वाकलेला, कामाच्या कपड्यांत, मागे शिपाई. ज्याच्या लग्नात बुर्कार्ड नाचला होता तो मेहुणा. त्यानं बुर्कार्डकडे पाहिलं नाही. बुर्कार्डनंही पाहिलं नाही.

"सगळ्यांनी इकडे पाठ करायची," बुर्कार्डनं फर्मावलं. "शपथ न घेतलेल्या डोळ्याला खूण दिसता कामा नये."

"माझे शिपाई शत्रूकडे पाठ करत नाहीत!"

"मग राहू दे दगड आडवा."

शेवटी कॅप्टन पुटपुटला आणि वळला. शिपाई वळले, रुप्रेख्ट वळला, किलियन वळला. दोन्ही जर्मनी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तशी सवय होतीच.

मागे दोन म्हाताऱ्यांचे गुडघे कडकडले. माती खरवडल्याचा आवाज. मग कुजबुज. थांबली. पुन्हा कुजबुज, आता जास्त लांब. किलियन मनातल्या मनात सगळ्या संतांना मेणबत्त्या बोलला. खड्ड्यात बघायला एवढा वेळ?

"काय चाललंय?" कॅप्टनची मान वळू लागली.

किलियनला काही कळत नव्हतं. म्हाताऱ्यांना अजून वेळ हवाय, एवढंच कळलं. तो ओरडला, "साहेब, तुमचे बूट!"

"बुटांना काय झालं?"

"परवाची माझी टाकी... तुम्ही बरोब्बर तिथेच उभे आहात हो. अजून ओलं आहे."

कॅप्टननं खाली पाहिलं. एक पाय उचलला. दुसरा उचलला. पूर्व जर्मनीच्या सैन्यात शिकवतात त्या शिव्या लिंडनरोटच्या शिव्यांपेक्षा फारशा वेगळ्या नाहीत, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

"झालं," बुर्कार्डचा आवाज आला.

दगड रोवला, माती ठोकली. बिशपची काठी अलीकडे, ड्यूकचा मुकुट पलीकडे. आधी होता तिथेच, त्याच खड्ड्यात. ओटमार शिपायाच्या पुढे चालत निघाला. फाटकाशी तो क्षणभर अडखळला, पण मागे वळला नाही. फाटक लागलं.

चढावर किलियनच्या खांद्यावर पहार, कुदळ आणि कॅप्टनची नजर. मनोरा झाडाआड गेला तसा त्याचा धीर परतला, आणि धीरासोबत रागही.

"काका, खड्डा डोळ्यांसमोर होता, तो सैतान सोडत होता, आणि तुम्ही बंदुकीपुढे ठाण मांडून बसलात. नका सांगू शपथेतलं, पण एवढं तरी सांगा, असं होतं तरी काय त्या दगडाखाली?"

बुर्कार्डनं खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी घातली.

"तेक्लानं विजेची शेगडी घेतलीय."