वाणातला मिक्सर

आमच्या कट्ट्यावर किस्से करावे लागत नाहीत. नुसतं बसून राहायचं, दुधावर साय धरावी तसे ते आपोआप धरतात. गाव कासारसाईच्या धरणाजवळ, कट्टा खंडोबाच्या देवळासमोर, आणि बसणारे आम्ही चार-पाच रिकामे बाप्ये. खाली सांगतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, खंडोबाची शपथ! आता शपथ घेतलीच आहे तर हेही सांगतो, की एका ठिकाणी मी थोडी थाप मारलीय. कुठं ते शेवटी बघू.

*

आमच्या गावाला एकच रोग आहे. जळण्याचा. जमिनी विकल्या, खोल्या बांधल्या, हिंजवडीतली पोरं भाडेकरू आली, सगळ्यांचं बरं चाललंय. पण शेजाऱ्याचं जास्त बरं चाललेलं कुणालाच बघवत नाही. मला तर मुळीच नाही.

आमचे सरपंच नाना. त्यांच्या बावीस खोल्या भाड्यानं. एकदा त्यांची मोठी पांढरी गाडी रेशन दुकानासमोर उभी दिसली. भांड्यांच्या दुकानवाल्या सलीमभाईला राहवलं नाही. "नाना, तुमी आन फुकटच्या तांदळाला लायनीत?"

नाना म्हणाले, "तांदूळ मी खातो व्हय? कोंबड्यांना घालतोय. पर शेजारच्याला मिळतोय आन मला न्हाई, हे बघून झोप लागंना!"

*

मग बायकांच्या खात्यात दरमहा सरकारी पैसे यायला लागले. आमच्या हिच्या मोबाइलवर महिन्यातून एकदा 'टिंग' वाजतं. टिंग वाजलं की दोन दिवस ती माझ्याशी तहसीलदारासारखी बोलते.

मी म्हटलं, "जरा च्या टाक."

म्हणाली, "अर्ज करा!"

त्या दिवशी कट्ट्यावर मी हे सांगितलं. सलीमभाई म्हणाला, "आमच्या घरातबी वाजतंय."

*

आणि अशात सरपंचपदाची निवडणूक लागली. नानांच्या वडिलांपासून ती खुर्ची त्यांच्या घरात. यात्रेचा पहिला नारळ सरपंच फोडतो, आणि नारळ दुसऱ्याच्या हातात बघायची वेळ आली तर आपण गाव सोडू, असं नाना उघड सांगायचे. समोर उभा राहिला विकीशेठ, प्लॉटवाला, आमच्यापुढं कालचं पोर. त्यानं सांगून टाकलं : घरपट्टी माफ, पंचायतीची गिरणी, सगळ्यांना दळण फुकट!

नाना सभेत कडाडले, "आपलं गाव रीत पाळणारं हाय! धर्म बघून मत देणारं हाय! पिठावर विकलं जाणारं न्हाई!"

टाळ्याच टाळ्या! सगळ्यात जोरात माझ्या. टाळ्या थांबल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "पर नाना, फुकट दळण गव्हाचंच, का ज्वारीचंबी?"

*

नानांनी मग हुकमी पत्ता काढला. घरटी एक कर्ता पुरुष देवळात बोलावला. गाभाऱ्यात सगळ्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायची, मत नानांनाच. आमच्याकडं भंडारा उचलला की विषय संपला. त्यावर भावाभावांच्या वाटण्या झाल्यात. सलीमभाईच्या घराकडं देवाच्या दिव्याच्या तेलाचा मान आजोबांपासूनचा, म्हणून तोही होता. बायका पायरीच्या खाली, लांब उभ्या. गाभाऱ्यात बाईनं यायचं नाही, ही आमची जुनी रीत.

नानांनी घरं मोजली आणि तिथंच फेट्यांची ऑर्डर दिली.

*

संक्रांत झाली. विकीशेठच्या बायकोनं हळदीकुंकू ठेवलं. आता हळदीकुंकवाला कोण अडवणार? आणि वाणाला नाही म्हणता येत नाही, तो अपमान. आमची ही गेली ती रिकाम्या हातानं, आली ती खोकं घेऊन. वाणात काय? मिक्सर! तीन भांड्यांचा!

सलीमभाईचा जळून कोळसा. "मिक्सर वाटले त्येचं दुख न्हाई. माझं दुकान सोडून पुण्यातनं आणले, त्येचं हाय!"

पण खरा दणका पुढं होता. विकीशेठच्या बायकोनं विधवांनाही बोलावलं होतं. नानांची आई, आम्ही तिला थोरली काकी म्हणतो, नवरा गेल्यापासून कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती, कारण कुणी बोलावलंच नव्हतं. ती खोकं छातीशी धरून भर गावातून चालत घरी आली.

नाना ओरडले, "आये, परत देऊन ये ते!"

काकी म्हणाली, "आरं, मिक्सर पायजे तर घेऊन जा. कुकू न्हाई पुसायची मी." आणि दार लावून घेतलं.

*

मतदानाच्या आदल्या दिवशी विकीशेठ मला रस्त्यात भेटला. मी नानांचा उजवा हात, हे त्याला माहीत. गाडीची काच खाली करून म्हणाला, "दादा, बायांचं झालं. निवडून आलो की बाप्यांचंबी काहीतरी काढतो. तुमाला काय पायजे, बोला."

मी ताडकन म्हणालो, "विकीशेठ, मी भंडारा उचललाय! मला तुझी सुईसुदीक नको!"

कट्ट्यावर हे सांगितल्यावर नानांनी उठून मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

*

निकाल लागला. नाना एका मतानं पडले.

फेटे आले होते, ते तसेच गाडीत. नाना घरी गेले आणि बायकोला, आईला, दोन्ही सुनांना ओळीनं उभं केलं. "आख्ख्या गावानं भंडारा उचलला हुता! मग मतं गेली कुटं?"

बायको म्हणाली, "गावानं उचलला आसंल. आमी कुटं उचललाय? आमाला तर तुमी गाभाऱ्यातच येऊ देत न्हाई!"



*

ते गाव सोडून गेले नाहीत. यात्रेला विकीशेठनं नारळ फोडला तेव्हा नाना गर्दीत मागं उभे होते, वर कळसाकडं बघत. महिन्याभरात त्यांनी सभा बोलावली, आणि जन्मभर रीत-रीत करणारा हा माणूस माइक हातात धरून म्हणाला, "काळ बदललाय. बाया-बाप्ये समान हायेत. आजपासनं आपल्या देवळाचा गाभारा बायांना खुला!"

पेपरवाला आला होता, फोटो निघाला. आम्ही पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी पुजाऱ्याला खूण केली, त्यानं भंडाऱ्याचं ताट भरून आत ठेवलं.

बायका पायरीच्या खाली उभ्या होत्या. एक हलली नाही.

"या की! आत या!" नाना म्हणाले.

थोरल्या काकीनं पदर नीट केला, लांबूनच देवाला हात जोडले आणि म्हणाली, "नगं रं बाबा. वाडवडलांची रीत हाय. आमच्या हातनं मोडाय नगं."

आणि सगळ्या घरी गेल्या.

*

राहता राहिलं कबूल केलेलं. हे सगळं घडलं तसंच सांगितलंय. फक्त विकीशेठनं गाडीची काच खाली केली तेव्हा मी ताडकन जे बोललो म्हणून सांगितलं, तेवढं रचलेलं आहे.