सरहद्दीचा खांब

मी कल्याणला कचेरीत कारकून होतो, तेव्हा कोपरच्या मिठागरावर एक उंच आगरी बांध घालताना दिसे. चिखल थापून झाला की तो बांधावर जोरात लाथ हाणी आणि मगच पुढं सरके. एकदा मी कारण विचारलं.

"इंग्रजांनी नि रशियानं अफगाण मुलखाची हद्द ठरवली, तवा इंग्रज सायबासंगं जाऊन तिथले खांब मी बांदले," तो म्हणाला. "सायेब लोक नकाशावर महिनोन्‌महिने भांडले. शेवटी रशियाच्या सायबानं माज्या खांबाला लाथ मारून पायली. हालला नाय!"

त्या वाटाघाटी मी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. "त्यात तुझं नाव कुठं नव्हतं रे," मी म्हणालो.

"नाव कशाला? खांब उभा हाय ना!"

मग नाव मीही विचारलं नाही. त्याच्या बांधावरून परतताना मात्र जोडे काढून हातात घेतले.