सहा सेल, दोन व्होल्ट

हे मी कुणापाशीच बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशी तर नाहीच. त्याला दिसलं असेल तेवढं दिसलं असेल. तुम्ही आलात, बसलात — म्हणून.

परवा पार्से गावच्या आमच्या घरावर मुलानं सौर पॅनेल बसवून घेतली. धाकटा नातू म्हणाला, आजी, तुला काय कळतं यातलं? कळतं रे बाबा. नको तेवढं कळतं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मोठी माणसं कोंकणी की मराठी यावरून अजून हमरीतुमरीवर येत, आणि आम्ही दोघी सर्वणच्या — मी आणि शालन — डिचोलीला बारावीत, एका बाकावर. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीला दुसरी मैत्रीण नव्हती. कोण होणार? तोरा भरपूर, अक्कल पावलीची.

शालननं विज्ञान प्रदर्शनासाठी सौर सेलची पट्टी केली. एक सेल उन्हात साधारण अर्धा व्होल्ट देतो, लहान असो की मोठा. सहा एकापुढे एक जोडले की तीन. तो आकडा तिनं आधीच फळ्यावर खडूनं लिहिला. तिचे बाबा म्हणाले होते — लिहिलंय तेवढं मीटरच्या काट्यानं दाखवलं, तर पणजीच्या कॉलेजात धाडीन.

आणि मी? गणितात गटांगळ्या खाणारी. मला कोण धाडतंय पणजीला? ती गेली की सर्वणात मी एकटी. एवढंच डोक्यात होतं. खरंच एवढंच? हो — एवढंच.

दुपारी ती भाजी-पाव आणायला गेली — माझ्यासाठी! — आणि टेबल राखायला मला ठेवलं. मी एका सेलच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. उलटा सेल नुसता आपला अर्धा व्होल्ट बुडवत नाही, शेजाऱ्याचाही खातो.

काटा दोनावर थांबला. परीक्षक भले होते. म्हणाले, ढग आला असेल. शालन म्हणाली, नाही सर, ढगानं एवढा फरक पडत नाही. प्रामाणिक बया! तिचे बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. रागावले नाहीत. “तीन म्हणिल्लें न्हय गो तुवें?” एवढंच. मी पाव चावत उभी.

तिथं थांबले असते तर — पण नाही. सगळे पांगल्यावर मी वायरी पुन्हा सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी शालननं मोजलं, तर तीन! आता ती शोधणार काय? चूक आपल्याच हातून झाली, असं तिनं धरलं ते धरलंच.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं, लांब बेळगावकडे. पणजीहून सुट्टीला तरी आली असती. मी केवढी हुशार, बघा.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती माहेरी आली, तेव्हा भेटायला गेले. तिची मुलगी गणितं सोडवत होती. चहा ओतता ओतता शालन तिला म्हणाली, “दोनदा बघून मग आकडा लिही गो. मी एकदा सगळ्यांसमोर चुकले होते.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं — खरं का, अशा नजरेनं. मी काय म्हटलं असेल?

“च्यायेंत साखर उणी आसा गो.”

शालन उठली आणि साखर घेऊन आली.